टाळ्यांनंतरचा प्रश्न

धर्मापुरीसारख्या गावात विज्ञानावर बोलायचं म्हटलं की विषय ठरलेले असतात: कृष्णविवर, मंगळ, हल्ली कृत्रिम बुद्धिमत्ता. तेही सांगावं, आकाशाचं कुतूहल गावालाही असतंच. पण अशी भाषणं ऐकून आमची एक तक्रार साचली आहे, ती आज मांडतो.

विज्ञान मराठीतून सांगायचं म्हणून १९६६ साली मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. भाषेची अडचण त्या पिढीने बरीचशी सोडवली. आज अडतं ते पुढे. तासभर भाषण, मग 'वेळेअभावी दोनच प्रश्न', मग आभार. श्रोत्याच्या प्रश्नाने वक्त्याला थांबून विचार करावा लागत नसेल, तर ते विज्ञानाचं कीर्तन झालं. (कीर्तनकार निदान समोरच्याचा चेहरा वाचतो.)

आता समजा, सभेत कुणी उठून विचारलं, "सर, पाणाड्याच्या हातावरचा नारळ उभा राहतो, तिथं पाणी लागतं. ते कसं?" बहुतेक वक्ते 'अंधश्रद्धा!' म्हणतात, हशा पिकतो, विचारणारा खाली बसतो. उत्तर कुठे मिळालं? त्याच्या चुलत्याच्या शेतात तर खरोखर पाणी लागलेलं असतं. आणि उद्या बोअरसाठी कर्ज काढणार तो, वक्ता नव्हे.

या प्रश्नाला धरून बसलं पाहिजे. आपल्या पायाखाली लाव्हाचे एकावर एक बसलेले थर आहेत. घट्ट काळ्या पाषाणात पाणी जवळजवळ राहत नाही. ते राहतं मुरमात, भेगांत, दोन थरांच्या सांध्यात. म्हणून एका बांधाच्या अलीकडे पाणी आणि पलीकडे नुसता फुफाटा, असं होऊ शकतं. आणि म्हणूनच अंदाजाने कुठेही खोदलं तरी काही ठिकाणी पाणी लागणारच. मग नारळाचं श्रेय किती? ते ठरवायचं तर नारळाने दाखवलेल्या सगळ्या जागा मोजाव्या लागतील, कोरड्या गेलेल्यासुद्धा, आणि शेजारी न विचारता घेतलेले बोअरही. आपण काय करतो? लागलेलं पाणी गावभर सांगतो, कोरड्या बोअरबद्दल घरातसुद्धा बोलत नाही.

कार्ल पॉपर या तत्त्वज्ञाचा आग्रह होता की, काय घडलं तर माझं म्हणणं चुकीचं ठरेल, हे आधी सांगावं. बोअर कोरडा गेल्यावर 'कुणाची तरी सावली पडली' म्हणायची सोय ठेवली, तर नारळ कधीच चुकत नाही! पण हाच नियम यंत्र घेऊन येणाऱ्या जाणकारालाही लागू आहे. त्याचे हुकलेले बोअर कोण मोजतं? नारळाला हसणारा वक्ता हे विचारत नाही, तिथेच त्याचं विज्ञान लंगडं पडतं.

मायकेल फॅरेडे यांनी लंडनच्या मुलांपुढे एका मेणबत्तीवर सहा व्याख्यानं दिली. इथं एका बोअरवर तेवढी सहज होतील. पुढच्या बैठकीला वक्ता नंतर बोलेल. आधी प्रत्येकाने आपल्या बोअरची खोली, घेतलेला महिना, जागा कुणी दाखवली आणि मे महिन्यात पाणी टिकलं का, एवढं एका वहीत लिहून आणावं. कोरडे आधी लिहायचे.