गर्दी, चैत्य आणि संवेग

परदेशातील पुरातन देवालये व समाधिस्थाने पाहून आलेल्या मराठी प्रवाशांच्या लेखनात एक तक्रार वारंवार आढळते. इजिप्तच्या राजकबरी असोत, अंगकोरची देवालये असोत वा कँडीचे दंतधातू-मंदिर असो; स्थळ भव्य होते, परंतु गर्दीमुळे मन लागले नाही, असा तिचा सूर असतो. जालना जिल्ह्यातून सहलीने अजिंठ्यास जाऊन आलेले आपले उपासकही आता हाच सूर लावू लागले आहेत. ही तक्रार सर्वस्वी खोटी नाही. परंतु तिच्या मुळाशी असलेली दृष्टी आम्हांस सदोष वाटते. तिची चिकित्सा करणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

प्रथम हे ध्यानी घ्यावे की, सर्व पुरातन वास्तू एकाच हेतूने उभारलेल्या नसतात. इजिप्तच्या राजकबरी कोणी आत येऊ नये म्हणून बुजविल्या व मोहरबंद केल्या गेल्या. तेथील गर्दी वास्तूच्या मूळ हेतूशीच विसंगत आहे. तुतनखामेनच्या कबरीची हुबेहूब प्रतिकृती २०१४ साली लक्सरजवळ प्रेक्षकांसाठी खुली करण्यात आली, ती मूळ चित्रांवरील भार कमी व्हावा म्हणूनच. स्तूपाची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. तथागतांचा थूप चातुम्महापथावर, म्हणजे चार महामार्ग मिळतात तेथे उभारावा, असे महापरिनिब्बान सुत्त सांगते. चौकातील वास्तू बहुजनांसाठीच असते. सांचीच्या स्तूपाभोवतीचा प्रदक्षिणापथ एकट्या रसिकासाठी नव्हे, जनसमुदायासाठी आखलेला आहे.

हाच भेद अजिंठ्यात एकाच डोंगरात पाहावयास मिळतो. ९, १०, १९ आणि २६ क्रमांकांची लेणी चैत्यगृहे आहेत. ती समूहवंदनेसाठी कोरली गेली. ज्या चित्रांसाठी बहुसंख्य प्रेक्षक दाटी करतात ती १, २, १६ आणि १७ क्रमांकांची लेणी मात्र विहार आहेत. ती मोजक्या भिक्खूंच्या निवासाची जागा होय. शेकडो माणसांच्या श्वासातील ओलावा व उष्णता तेथील रंगलेपास सोसत नाही. म्हणून चित्रलेण्यांत ठरावीक संख्येनेच आत सोडतात, याबद्दल कुरकुर करण्याचे कारण नाही. हा निर्बंध वास्तूच्या स्वभावास धरूनच आहे.

तथापि हानी केवळ गर्दीच करते, हे मत इतिहासास धरून नाही. १८१९ साली जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी शिकारीच्या निमित्ताने अजिंठ्याच्या दरीत आला, तेव्हा तेथे प्रेक्षकांची कसलीही रांग नव्हती. दहाव्या लेण्यातील चित्रित स्तंभावर त्याने आपले नाव व तारीख कोरून ठेवली. ते ओरखडे आजही दिसतात. याच्याशेजारी दुसरी काही नावे ठेवून पाहावीत. सांची व भारहूत येथील दानलेखांत ‘भोगवढन’ येथील दात्यांचे उल्लेख आहेत. हे भोगवर्धन म्हणजेच आपल्या जालना जिल्ह्यातील भोकरदन होय. केळणेच्या काठावरील त्या उपासकांनीही दगडावर नाव ठेवले. परंतु आधी दान दिले, मग नाव कोरले. एका नावाने वास्तू घडली, दुसऱ्याने ती जखमी झाली. प्रेक्षक किती आले यापेक्षा ते कोणत्या चित्ताने आले, हा प्रश्न म्हणूनच अधिक महत्त्वाचा ठरतो.

याच चित्ताला आपल्या परंपरेत नाव आहे. तथागतांच्या जीवनाशी निगडित चार स्थळांना सुत्तात ‘दस्सनीय’ तर म्हटलेच आहे, पण त्याबरोबर ‘संवेजनीय’ही म्हटले आहे. जे पाहिल्यावर अनित्यतेच्या जाणिवेने चित्त हलते आणि धम्माकडे वळते, ते संवेजनीय. आजचा प्रवासी दस्सनीयापाशीच थांबतो. मग पुढच्या माणसाची पाठ त्याला अडथळा वाटते. संवेग जागा असेल, तर शेजारून सरकणारी ती वृद्ध उपासिकाही दर्शनाचाच भाग होते.

शिवाय गर्दीचा कंटाळा करणे आपल्याला तर शोभतच नाही. १९३४ साली बाबासाहेब व त्यांचे सुमारे तीस सहकारी वेरूळची बौद्ध लेणी पाहावयास निघाले असता दौलताबादच्या किल्ल्याच्या दाराबाहेरील टाक्याच्या पाण्याने हातपाय धुतल्यावरून त्यांचा अपमान झाला. किल्ल्यात कोठेही पाण्यास हात लागू नये म्हणून त्यांच्यासोबत सशस्त्र शिपाई देण्यात आला. ही हकिकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. पुरातन वास्तूत इतरांच्या खांद्यास खांदा लावून उभे राहता येणे ही ज्यांची कमाई आहे, त्यांनी त्या खांद्यांचा तिटकारा करू नये. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर तासन्‌तास रांगेत उभे राहून क्षणभर वंदन करणारा आणि परतताना पुस्तक विकत घेणारा माणूस गर्दीत असूनही संवेगास मुकत नाही.

एक विरोधाभास शेवटी नोंदवतो. पाँपेई येथे गर्दी आवरण्यासाठी नोव्हेंबर २०२४ पासून दिवसाला २०,००० प्रेक्षकांची मर्यादा घातली गेली. त्याच पाँपेईत १९३८ साली एक भारतीय हस्तिदंती स्त्रीप्रतिमा सापडली आणि तिच्याशी साम्य असलेली प्रतिमा १९७३ च्या उत्खननात भोकरदनला मिळाली. पाँपेईच्या दारी रांग लागते. जालन्याहून अजिंठ्यास जाणाऱ्या आमच्या सहली मात्र भोकरदनला चहापुरत्याही थांबत नाहीत. पुढील सहलीत तेथे अर्धा तास थांबावे, मुलांना सांचीच्या दात्यांविषयी सांगावे आणि मग अजिंठ्याच्या रांगेत उभे राहावे. ती रांग तेव्हा परक्यांची वाटणार नाही.