वहीची दुसरी बाजू

आई गेल्यानंतर कपाट आवरताना तिची वही हाती लागली. लांबट, लाल कापडी बांधणीची, वाण्याच्या गल्ल्यावर असते तशी. पुढून उघडली की पाककृती: नेवऱ्या, कुलकुल, फुगे, रव्याचा केक, सोरपोतेल. मापं वाटीची, मुठीची, आणि बऱ्याच ठिकाणी 'मिल्कमेडच्या रिकाम्या डब्याने'. वही उलटी करून मागून उघडली की शिवणाची मापं: छाती 26, उंची 31, झालर दुहेरी, शिलाई 6, आले 2, बाकी 4. दोन्ही बाजूंची पानं एकमेकींकडे सरकत येतात आणि मधली दहाबारा कोरी राहतात.

काही वर्षांपूर्वी चर्चच्या एका स्मरणिकेसाठी मी या वहीवर लेख लिहिला होता. वसईतल्या कॅथलिक घराचा नाताळ, परातीभोवती बसलेली भावंडं, कंगव्यावर वळलेले कुलकुल, संध्याकाळची रोझरी आणि मग एकत्र जेवण. लेख आवडला, लोकांनी फोन केले. आज तो पुन्हा वाचताना मला तो अर्धवट वाटतो. अर्धवटपणा शैलीचा नाही, वाचनाचा आहे. हा निबंध त्या वाचनाची दुरुस्ती करण्यासाठी लिहितो आहे.

मराठी समीक्षेने बायकांच्या घरकामाकडे दुर्लक्ष केलं, असं सरसकट म्हणता येणार नाही. साने गुरुजींनी ओव्या गोळा केल्या. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉयत्वां यांनी जात्यावरच्या ओव्यांचं प्रचंड संकलन उभं केलं. पण आपण मान दिला तो कामासोबत आलेल्या शब्दांना. ओवी साहित्यात आली, पीठ बाहेर राहिलं. ज्या घरात काम करताना ओवी नव्हती, रोझरीची ठरलेली प्रार्थना होती, त्या घरातल्या बाईचं स्वतःचं म्हणणं शोधायचं कुठे? माझ्या मते ते कामातच शोधावं लागतं. कशात काय घातलं, कधी घातलं, कुणाला दिलं, किती घेतले यात.

असं वाचन पूर्वी एकदा फार बारकाईने झालेलं आहे, आणि ते वाचणारे मित्र नव्हते. गोव्याच्या इन्क्विझिशनने 1736 मध्ये काढलेल्या आज्ञापत्रात नवख्रिस्ती घरांतल्या ज्या रूढींवर बंदी घातली, त्यांत लग्नातले विधी होते, अंगणातली तुळस होती, धोतर-चोळी होती. आणि भात मिठाशिवाय शिजवून मीठ मागाहून घेण्याची रीतही होती. अ. का. प्रियोळकरांनी इन्क्विझिशनवरच्या आपल्या 1961च्या इंग्रजी ग्रंथात या आज्ञापत्राची सविस्तर दखल घेतली आहे. वाचताना दर वेळी मी मिठापाशी थांबतो. आपल्याकडे पान वाढताना पहिलं मीठ वाढतात, कारण भात अळणी असतो. म्हणजे मीठ भातात पडलं की पानाची मांडणी बदलते. धर्मांतराच्या पावणेदोनशे वर्षांनंतरही जुना धर्म कुठे टिकून आहे, हे त्या अधिकाऱ्यांना नेमकं कळलं होतं. तो प्रार्थनेत नव्हता, भाताच्या टोपात होता. आमच्या घरी भात शिजतानाच मीठ पडतं. एका घराच्या सवयीवरून इतिहास सिद्ध होत नाही. पण आज्ञापत्र वाचल्यापासून मला ते मीठ निरागस वाटत नाही.

आज्ञापत्राचा हेतू तोडण्याचा होता. स्वयंपाकघराने मात्र बरंच जोडून ठेवलं. दिवाळीतली करंजी आणि नाताळातली नेवरी यांची तुलना करा. मैद्याची पारी तीच, खोबरं, रवा, खसखस, वेलची तीच, कड कापायचं कातणही तेच. कुलकुल हे शंकरपाळ्याचं भावंडच. फक्त आकार शिंपल्यासारखा. गोव्यात नाताळाला शेजारी पाठवायच्या फराळाला कुसवाड म्हणतात. शब्द पोर्तुगीज 'कोन्सोआदा'वरून आला, पण ताट रिकामं परत करू नये हा संकेत इथलाच. आमच्याकडे दिवाळीत शेजारून आलेलं ताट नाताळापर्यंत फळीवर थांबायचं आणि नेवऱ्या घेऊन परत जायचं.

उलट दिशेनेही पाहावं लागतं. भाजणं, म्हणजे बंद उष्णतेत पीठ फुलवणं, ही मराठी चुलीची मुख्य रीत नव्हती. वर आणि खाली विस्तव ठेवून एकेक थर भाजत नेलेली बेबिंका, रवा-नारळाची 'थाळी', माडाच्या सुरेने फुगवलेलं पीठ, हे सगळं पोर्तुगीज संपर्कातून आलं. पण ओव्हन घराघरांत आले नाहीत. म्हणून बायकांनी तंत्र आपल्या भांड्यांत बसवलं: जाड टोपाच्या तळाला वाळू, वाळूवर केकचं भांडं, वर झाकण आणि झाकणावर निखारे. केक करपतो तो बहुधा खालून, म्हणून खालचा विस्तव मंद आणि वरचा जास्त. माझ्या आईच्या वहीत हे एका ओळीत आहे: 'खाली दोन, वर पाच'. निखारे मोजून ठेवायचे. दोन संस्कृतींच्या संयोगावर परिसंवाद भरतात. त्या संयोगाचं सूत्र इथे दोन आकड्यांत लिहिलेलं आहे.

आता साहित्याकडे. मराठी ख्रिस्ती घराचं सर्वांत जिवंत चित्र अर्थातच लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त आहे. ते घर प्रॉटेस्टंट, आमचं कॅथलिक; तरी मुद्दा एकच. लक्ष्मीबाईंचं धर्मांतर चर्चमध्ये होण्याआधी पाण्याच्या भांड्यापाशी आणि चुलीपाशी झालं. कुणाच्या हातचं प्यावं, कुणाच्या हातचं खावं, या प्रश्नांची उत्तरं त्यांनी स्वतःशी वाद घालून मिळवली आणि बाप्तिस्मा नंतर आला. घरकाम ही विचाराची जागा असू शकते याचा मराठीत याहून मोठा पुरावा नाही. तरी आपण हे पुस्तक विनोदासाठी आणि टिळकांच्या स्वभावचित्रासाठीच जास्त वाचत आलो.

दुसरं पुस्तक जेरी पिंटो यांच्या 'एम अँड द बिग हूम' या 2012च्या इंग्रजी कादंबरीचं. शांता गोखले यांच्या अनुवादामुळे ती 'एम आणि हूमराव' म्हणून मराठीत आली. माहीमच्या छोट्याशा फ्लॅटमधलं गोव्याच्या मुळांचं कॅथलिक कुटुंब. आई मानसिक आजाराने ग्रासलेली. सिनेमाने आपल्या डोळ्यांत बसवलेली केक-वाइनवाली ख्रिस्ती आंटी इथे औषधालाही नाही. हे घर आईच्या हातच्या पदार्थांनी ओळखलं जात नाही, आणि तरी ते पूर्ण घर आहे. मला या कादंबरीत आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. ही आई लग्नाआधी नोकरी करणारी मुलगी होती आणि तिच्या पगारावर माहेरचं घर चालत होतं. मुलगा आईला समजून घ्यायला निघतो तेव्हा त्याला स्वयंपाकघराच्या आधी तिची कमाई भेटते. मी मात्र स्मरणिकेच्या लेखात बरोबर उलट केलं होतं.

हे माझ्या लक्षात आलं ते चर्चमध्ये. 2023च्या नोव्हेंबरात एका रविवारी मिस्सेत 'नीतिसूत्रे' ग्रंथाच्या 31व्या अध्यायातलं सद्गुणी पत्नीचं वर्णन वाचलं गेलं. वाचनांच्या तीन वर्षांच्या चक्रातल्या पहिल्या वर्षी, सामान्य काळाच्या 33व्या रविवारी ते येतं. घरी येऊन मी मूळ अध्याय काढला. दहाव्या ओवीपासून एकतिसाव्यापर्यंत बावीस ओव्यांची ती कविता आहे. हिब्रूत प्रत्येक ओवी वर्णमालेतल्या पुढच्या अक्षराने सुरू होते. मिस्सेत त्यातल्या आठच वाचतात: 10 ते 13, 19 आणि 20, 30 आणि 31. ऐकू येते ती लोकर आणि ताग आणणारी, चातीवर सूत कातणारी, गरिबाला हात देणारी, देवाचं भय धरणारी बाई.

वगळलेल्या चौदा ओव्यांत काय आहे? ती शेत पाहते, पारखते आणि विकत घेते. स्वतःच्या कमाईतून द्राक्षमळा लावते. आपला व्यापार किफायतशीर आहे हे तिला कळतं. तागाची वस्त्रं शिवून विकते, व्यापाऱ्यांना कमरपट्टे पुरवते. उद्याच्या दिवसाला हसते. तोंड उघडते तेव्हा शहाणपणाचं बोलते. अंधार असतानाच उठून घरच्यांच्या जेवणाची व्यवस्था करते, ही ओवीसुद्धा गाळलेली आहे. घरातल्या सगळ्यांना किरमिजी कपडे असल्याने तिला थंडीची भीती नाही, ही ओवी वाचली गेली असती तर लाल लुगडं नेसणाऱ्या आमच्या कुपारी आज्या नक्की हसल्या असत्या.

वाचन आटोपशीर व्हावं म्हणून ओव्या गाळल्या, हे मान्य. गाळणाऱ्यांच्या मनात काही डाव होता असं मी म्हणत नाही. पण निवडीला अर्थ असतो, आणि इथे तो त्याच दिवशीच्या शुभवर्तमानाशेजारी ठेवून पाहावा. त्या रविवारी मत्तयच्या शुभवर्तमानातला तालांतांचा दाखला असतो. धनी तीन दासांना पैसे सोपवून जातो. दोघे व्यापार करून ते दुप्पट करतात आणि शाबासकी मिळवतात. पुरुषांनी भांडवल वाढवल्याची गोष्ट आणि बाईने सूत कातल्याची गोष्ट एका मिस्सेत येतात. बाईनेही भांडवल वाढवलं होतं, त्या ओव्या तेवढ्या राहून जातात. आणि कवितेचा शेवट, जो वाचला जातो, तो सांगतो की तिच्या हातच्या कामांनीच वेशीत तिची स्तुती होवो. वेस म्हणजे न्यायाची आणि व्यवहाराची जागा. मधल्या ओव्या गेल्या की ती वेशीपर्यंत पोचली कशी, हेच कळेनासं होतं.

वसईत या ओव्यांना टीकेची गरज नव्हती. भाजी आणि फुलं घेऊन पहाटेच्या गाडीने मुंबई गाठणाऱ्या, राजेळी केळी उन्हात सुकवून सुकेळी बांधणाऱ्या बायका आम्ही पाहिल्या आहेत. त्यांच्या मुलांनी पुढे लेख लिहिले ते मात्र त्यांच्या नेवऱ्यांवर.

म्हणून मी वही पुन्हा घेतली, या वेळी मागून. 'पहिलं कम्युनियन' असं वर लिहिलेलं एक पान आहे. त्याखाली अकरा पांढरे फ्रॉक, अकरा मापं. आईने वेदीची वस्त्रंही शिवली होती, ती त्याच पानाच्या तळाशी आहेत. त्यांच्यापुढे रक्कम नाही, फक्त एक क्रूस. म्हणजे कुठलं काम अर्पण आहे आणि कुठलं धंद्याचं, हे तिने स्वतः वेगळं केलं होतं. सगळं घरकाम प्रार्थना असतं, असं प्रवचनात आपण ऐकतो. आईच्या हिशेबात काही प्रार्थना होती, काहीची शिलाई सहा रुपये होती. पुढच्या पानावर येणी वजा जाता बेरीज आणि तिच्याखाली एक ओळ: 'ओव्हन. उरले 11.'

आता वही पुढून उघडायची. रव्याच्या केकची कृती दोनदा आहे. पहिलीत वाळूचा टोप, 'खाली दोन, वर पाच'. दुसरीत, वेगळ्या शाईत, 'बटण लावून 35 मिनिटं, बंद करून 10 तशीच'. काचेची खिडकी असलेला तो गोल ॲल्युमिनियमचा ओव्हन मला चांगला आठवतो. स्मरणिकेच्या लेखात मी लिहिलं होतं की एका नाताळला बाबांनी आईला तो भेट म्हणून आणून दिला. घरात सगळे तसंच सांगायचे. बाबांनी तो आणला हे खरंच असावं. वसई स्टेशनवरून खांद्यावर घेऊन ते चालत आल्याचं माझी मोठी बहीण अजून सांगते. पैसे कुणाचे, हे तिलाही ठाऊक नव्हतं. वहीच्या मागच्या बाजूला ते इतकी वर्षं लिहून ठेवलेलं होतं.

एक आक्षेप मलाच दिसतो. आई कमावत होती म्हणून तिच्या नेवऱ्यांना मोल आलं, असा याचा अर्थ होऊ नये. ज्या बाईने एक पैसा मिळवला नाही तिचं 'खाली दोन, वर पाच' तितकंच ज्ञान आहे. माझं म्हणणं एवढंच की घरकामाचं कौतुक करणाऱ्याने आधी दोन्ही बाजू वाचाव्यात. गोडवा काढून घेऊन हिशेब गाळणं ही फार सोपी समीक्षा आहे. सध्या आमच्यातल्या पाककृतींवर, पोशाखावर, बोलीवर उत्साहाने लिहिलं जातं आहे, तेव्हा ती सवय मोडण्याची हीच वेळ आहे.

स्मरणिकेच्या संपादकांना मी दुरुस्तीचं पत्र पाठवलं. बहिणीलाही पान दाखवलं. तिने बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "अकरातला एक फ्रॉक माझा होता. माझ्यापुढेही सहाच रुपये लिहिलेत." मी पुन्हा पाहिलं. तिच्या नावापुढे शिलाई 6, आले 6. ते सहा रुपये आईने कुठून आणून कुठे भरले, याचा विचार आम्ही दोघं अजून करतो आहोत.