कोणी येत नाही

जे. पी. दत्तांच्या 'बॉर्डर'मध्ये (१९९७) लोंगेवालाची चौकी रात्रभर तग धरते आणि उजाडताच हवाई दलाची विमाने धावून येतात. चेतन आनंद यांच्या 'हकीकत'मध्ये (१९६४) मात्र लडाखमध्ये सोबत्यांची माघार सावरत मागे राहिलेल्या जवानांसाठी कोणीच येत नाही. १९६२चा पराभव ताजा असताना हे दाखवायला छाती लागते. शत्रूचे चित्रण ढोबळ आहे, संवाद भाषणाकडे झुकतात, हे मान्य. पण रफी, तलत, मन्ना डे आणि भूपिंदर यांच्या आवाजांत जवान घरची आठवण काढतात, तिथे मदनमोहन यांची चाल वीरश्रीला जवळही फिरकू देत नाही. शौर्याला मुजरा करताना, इतक्या थोड्या माणसांना तिथे कोणी उभे केले, हा प्रश्न हा चित्रपट मनात ठेवून जातो. माझ्या लेखी तो मोठा आहे तो यामुळेच.