रामगडात पिकते काय?

पारावर भांडण लावायचं असेल तर राजकारण काढू नये, सिनेमा काढावा. राजकारणात माणूस पक्षाच्या तोंडानं बोलतो. सिनेमावर बोलताना तो आपल्याच तोंडानं बोलतो, म्हणून भांडण खरं होतं. आमच्याकडे काटोलच्या बाजूला तूर निघाली, कापूस घरात आला की हाताला चार दिवस सुट्टी भेटते. अशा वेळी कोणीतरी विचारतो, "आतापर्यंतचा एक नंबर सिनेमा कोणता?" मग चहाच्या तीन फेऱ्या होईस्तोवर कोणी उठत नाही.

मी दहावीपर्यंत शिकलो. सिनेमाचं शास्त्र मला येत नाही. पण बैल घेताना दात बघतात, जमीन घेताना माती हातावर चोळून बघतात, तशी सिनेमा पारखायची माझी एक रीत आहे. मी दोन गोष्टी बघतो. एक, त्यात माणसाचं काम दिसते काय. दोन, त्यात हिशेब लागते काय. म्हणजे कोणाला किती भेटलं, कोणाचं किती गेलं आणि ते नेलं कोणी. नाच, गाणी, मारामारी मलाही आवडते. पण आवडता सिनेमा वेगळा आणि एक नंबर सिनेमा वेगळा, हे आधी ठरवून घेतलं पाहिजे. नाहीतर वाद म्हणजे नुसता गलका.

पारावर सगळ्यात जास्त मतं 'शोले'ला. १९७५ साली तो आला तेव्हा मी पोरगा होतो. नागपूरला जाऊन तो पाहून आलेला माणूस आठ दिवस गावात मानानं फिरे. पुढं लग्नाच्या मांडवात लाऊडस्पीकरवर त्यातल्या बोलण्याच्या तबकड्या वाजायच्या. ज्यांनी सिनेमा पाहिला नव्हता त्यांनाही गब्बरचं बोलणं तोंडपाठ झालं. हे काही सोपं काम नाही. पण माझा प्रश्न एकच असतो, रामगडात पिकते काय? डाकू येतात, गावकरी धान्याची पोती आणून टाकतात. ते धान्य आलं कुठून? जिकडं पाहावं तिकडं खडक. ठाकुराच्या वाड्यात संध्याकाळी कंदील लावतात, म्हणजे वीज नाही. मग ज्या टाकीवर चढून धर्मेंद्र जीव द्यायची धमकी देतो, त्या टाकीत पाणी चढवलं कशानं? हा सवाल टाकला की शोलेवाले चिडतात. माझ्याच वर्गातला एक गडी म्हणाला, "काऊन बे, तू सिनेमा पाहाले गेलता का मोटर दुरुस्त कराले?"

सगळे हसले, मीही हसलो. पण सवाल उरतोच. शोले गावाचा सिनेमा नाही, गावात येऊन गेलेल्या डाकूंचा सिनेमा आहे. तो पंगतीतल्या बुंदीसारखा. बुंदीशिवाय पंगत होत नाही, पण बुंदीवर कोणी वर्ष काढत नाही.

मराठी सिनेमाचं नाव निघालं की आमची दुसरी अडचण सुरू होते. 'सांगत्ये ऐका' १९५९ चा, 'पिंजरा' १९७२ चा. दोन्ही आम्ही डोळे फाडून पाहिले. 'सामना'मध्ये मारुती कांबळेचा पत्ता विचारत राहणारा डॉक्टर लागूंचा मास्तर आणि समोर निळू फुल्यांचा हिंदुराव, ही जोडी आजही कोणाला ऐकणार नाही. पण त्यातलं खेडं आमचं नव्हतं. तिथं ऊस, साखर कारखाना, फेटा, फड, आणि बोलणं कोल्हापूर-साताऱ्याचं. आमच्याकडे परहाटी, तूर, संत्रा. तमाशाच्या जागी खडी गंमत आणि दंडार, पूर्वेला गेलं तर झाडीपट्टीची नाटकं. मराठी पडद्यावर वऱ्हाडी बोलणारा माणूस आला तर बहुतेक वेळा लोकांना हसवायला येई. आपली भाषा ऐकून थेटर हसते आणि त्यात आपणही हसतो, याचं वाईट वाटायला मला बरीच वर्षं लागली.

'मदर इंडिया' मात्र भाषेच्या पलीकडचा. १९५७ चा सिनेमा, आणि नर्गिस नांगर ओढते ते पाहून आमच्या आईच्या पिढीतल्या बाया मान खाली घालून बसायच्या. त्यात काम आहे आणि हिशेबही आहे. कर्ज पाचशे रुपये. त्याच्या व्याजात पिकाचे तीन हिस्से सुखीलालाच्या घरी आणि एक राधाच्या. कन्हैयालालनं हाच सावकार १९४० च्या 'औरत'मध्ये केला होता. मेहबूब खाननं आपलाच जुना सिनेमा नव्यानं काढला, पण सावकार बदलला नाही. मला वाटते, बदलायची गरज नव्हती. सतरा वर्षांत देश स्वतंत्र झाला, सावकार तोच होता.

यावर खरा वाद शेवटावर होतो. राधानं पोटच्या पोराला गोळी घातली ते बरोबर की चूक? अर्धा पार म्हणतो, आई असून न्याय केला. अर्धा म्हणतो, वह्या जाळणाऱ्यालाच मारलं, मग सावकारी संपली कशी? एकदा हे भांडण घरापर्यंत आलं. आमच्या घरची तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "सावकाराच्या पोरीचा काय कसूर होता जी? तिले उचलून नेत होता म्हणून गोळी घातली. ते तुमच्यातला एकही जण बोलत नाही." आम्ही चाळीस वर्षं न्याय आणि सावकारी करत बसलो. सिनेमात एक रूपा आहे, हे घरातून सांगावं लागलं.

माझी तक्रार वेगळी आहे. मदर इंडिया कालव्याच्या पाण्यापासून सुरू होतो आणि तिथंच संपतो. पाणी आलं की दुःख फिटलं, असा त्याचा भरवसा. १९५७ साली तसा भरवसा असणं साहजिक होतं. पण आमच्या विदर्भात गोसीखुर्दची पायाभरणी १९८८ ला झाली आणि कालव्याच्या पाण्याची वाट पाहण्यात एक पिढी म्हातारी झाली. म्हणून तो सिनेमा मोठा असून माझ्या यादीत पाचवा.

जगातले जाणकारही अशा याद्या करतात. माझी पुतणी नागपूरला कॉलेजात आहे, तिनं सांगितलं की इंग्लंडातलं 'साइट अँड साउंड' नावाचं मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी जगभरच्या समीक्षकांची मतं घेते. २०२२ च्या यादीत पहिला आला तो 'जान दीलमान' हा शांताल आकरमन या बाईचा सिनेमा. तोही १९७५ चा, शोलेच्याच सालचा. तीन तासांहून लांब, आणि त्यात बराच वेळ एक बाई घरातली कामं करते. बटाटे सोलते, भांडी घासते, पलंग आवरते. हे मी घरी सांगितलं तर उत्तर आलं, "मंग त्यात नवीन काय? आमी रोजच करतो." मी म्हटलं, रोज करता, पण कोणी तीन तास बसून पाहिलं काय? त्यावर ती काही बोलली नाही, पण चहा चांगला झाला.

आणि त्या मासिकाच्या पहिल्या, १९५२ च्या यादीत पहिला होता इटलीचा 'बायसिकल थीव्हज'. पोस्टर चिकटवायचं काम भेटलेल्या माणसाची सायकल चोरीला जाते, एवढीच गोष्ट. पहिल्या आणि आताच्या यादीत दोन्ही वेळा वरच्या जागी काम आहे. माझी कसोटी अगदीच खेडवळ नाही, असा याचा अर्थ.

तोच सायकलवाला सिनेमा भारतात १९५२ च्या चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. तो बघून बिमल रॉय भारावले आणि १९५३ साली 'दो बीघा जमीन' आला. माझा एक नंबर हाच. शंभूची दोन बिघे जमीन जमीनदाराला कारखान्यासाठी पाहिजे. शंभू विकत नाही, म्हणून कर्ज काढलं जाते. शंभूच्या हिशेबानं देणं पासष्ट रुपये. घरातलं किडूकमिडूक विकून तो जातो, तर कागदावर निघतात दोनशे पस्तीस. कोर्ट तीन महिन्यांची मुदत देते. बलराज साहनीचा शंभू कलकत्त्याला जाऊन माणसांची रिक्षा ओढतो. शेतात बैलाच्या मागं चालणारा माणूस शहरात स्वतःच बैल होतो. हे त्यात कोणी बोलून दाखवत नाही, ते दिसते.

आमचा पुतण्या याच्यावर माझ्याशी भांडतो. तो म्हणते, "काका, आता जमाना बदलला. हिंगण्याकडून समृद्धी महामार्ग गेला, ज्याची जमीन गेली त्यानं पेढे वाटले. अन् तुमचा शंभू दोन बिघ्यासाठी रडते." मुद्दा खोटा नाही. पैसा आला तिथं कोणी घर बांधलं, कोणी दुसरीकडं वावर घेतलं, कोणाचा पैसा पोरांच्या गाड्यांत गेला. पण दो बीघा जमीन न विकण्याचा सिनेमा नाहीच. तो पासष्टाचे दोनशे पस्तीस कसे होतात याचा सिनेमा आहे. आपल्या राजीखुशीनं सही करून विकणारा वेगळा आणि कागद वाचता येत नाही म्हणून हरणारा वेगळा. शेवटी शंभू कुंपणाबाहेरून मूठभर माती उचलतो, तर पहारेकरी तीही टाकायला लावतो. मोबदला मोजून घेणाऱ्यालाही त्या मुठीची किंमत कोणी सांगितलेली नसते.

हा सिनेमा जुना झाला म्हणणाऱ्यांना मी तीन सालं सांगतो. १९२५ साली कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी 'सावकारी पाश' हा मुका सिनेमा काढला. त्यात तरुण शांतारामबापूंनी शेतकरी केला, आणि जमीन गेल्यावर तो शहरात गिरणीत कामाला जातो. १९५३ साली शंभू कलकत्त्याला. २०१० साली 'पीपली लाइव्ह'मधला नत्था सगळ्या टीव्हीवाल्यांना चुकवून शेवटी शहरात इमारतीच्या कामावर दिसतो. पंच्याऐंशी वर्षांत माणूस तोच, रस्ता तोच. पीपलीत आणखी एक माणूस आहे, होरी. उन्हात माती खणून विकतो आणि खड्ड्यातच मरतो. कॅमेऱ्यांच्या गर्दीत त्याच्याकडं कोणी बघत नाही. सिनेमा हसवतो नत्थावर, पण मला घरी घेऊन आलो तो होरी.

दुसरी जागा माझ्याकडून सतीश मनवरच्या २००९ च्या 'गाभ्रीचा पाऊस'ला. नावच आमच्या भाषेतली शिवी. यात वऱ्हाडी बोलली जाते आणि थेटर हसत नाही. शेजारच्या शेतकऱ्यानं जीव दिल्यावर अलकाला वाटते, आपला किस्नाही तसंच करेल. मग ती पोराला त्याच्या मागं लावते, सासूला नजर ठेवायला सांगते, घरात नसताना गोडधोड करते. किस्नाला कळत नाही, आज पुरण कायले? गिरीश कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी यांचं हे घर पाहताना हसू येते आणि त्या हसण्याचीच भीती वाटते. पेपरात येतो तो आकडा. इथं येते ती त्याच्या आधीची रात्र, जेव्हा घरातलं लेकरू बापाच्या पाठीमागं वावरात फिरते. आमच्या गावातही एका घरी असा पहारा एक पूर्ण पावसाळा चालला. माणूस वाचला. त्यानं हा सिनेमा पाहिला नाही आणि मी त्याला पाहायलाही सांगत नाही.

तिसरा 'टिंग्या', २००८ चा, मंगेश हाडवळेंचा. चितंग्या बैल जायबंदी होतो, बाप त्याला विकायला निघतो आणि पोरगं आडवं पडते. नागपुरात तान्ह्या पोळ्याला लेकरं लाकडी नंदी सजवून घरोघर नेतात, बोजारा मागतात. त्या लेकराला खऱ्या बैलाची किंमत काय असते ते या सिनेमात कळते. बाप वाईट नाही, हीच त्यातली मोठी गोष्ट. त्याचा हिशेब बरोबर आहे आणि पोराचं रडणंही बरोबर आहे.

चौथ्या जागेवर पारावर शांतता होते. गावाच्या दुसऱ्या टोकाचा एक पोरगा, मजुरी करून शिकलेला, एकदा उभ्याउभ्या बोलला, "काका, तुमच्या यादीत सगळ्यांजवळ वावर हाय. ज्याच्याजवळ वावरच नाही, त्याचा सिनेमा कोणता?" त्याचं उत्तर त्याच्याजवळच होतं, नागराज मंजुळेंचा २०१३ चा 'फँड्री'. जब्याच्या घरचे डुकरं धरतात आणि वर्गातली पोरं, ज्या पोरीवर जीव आहे ती, अख्खं गाव मजा बघते. कोणी म्हणालं, तो शेतीचा सिनेमा नाही. मी म्हटलं, माझी कसोटी वावराची नव्हतीच, कामाची आणि हिशेबाची होती. फँड्रीत काम आहे. हिशेब तर असा आहे की शेवटचा दगड पडद्यातून आपल्याकडं येते. पार गप्प का झाला ते सगळ्यांना माहीत होतं. यादी ज्याच्या हातात, त्याचंच गाव यादीत येते. मंजुळेंचाच २०२२ चा 'झुंड' नागपूरच्या पोरांचा, आमच्याच बोलीचा. तोही पुतण्या वर सरकवायच्या मागं आहे. त्यातली मैदान आणि झोपडपट्टीमधली भिंत मलाही विसरता येत नाही. बघू.

पहिली जागा मी कायमची कोणाच्या नावावर लिहून दिलेली नाही. एक सिनेमा अजून कोणी काढलेला मला दिसला नाही. सरकीची थैली उधारीवर आणण्यापासून सुरू व्हावा. पेरणी, डवरणी, फवारणी, मग किलोवर वेचणीची मजुरी घेणाऱ्या बाया, बंडी, रांग, काटा, कटती, हमाली, आणि शेवटी हातात येणारा कागद. मधे कोणी मरू नये, कोणी बंदूक उचलू नये. फक्त एका हंगामाचा कापूस आणि त्याचा पूर्ण हिशेब. असा सिनेमा आला तर मी शंभूला दुसऱ्या जागेवर बसवीन. तो माणूस शेतकरी होता, त्याला राग येणार नाही.