जांभळें चर्मपत्र आणि दासोपंतांची पासोडी

ग्रंथाची महती त्यांतील शब्दांवरून ठरवावी, कीं तो ज्या वस्तूवर लिहिला तिच्यावरून, हा प्रश्न दिसतो तितका पोकळ नाहीं. इटलींतील ब्रेशिया येथें सहाव्या शतकांतील शुभवर्तमानांची एक लॅटिन पोथी आहे. ती जांभळ्या चर्मपत्रावर रुपेरी शाईनें लिहिलेली आहे. व्हिएन्ना येथील इ. स. ८०० च्या सुमाराची पोथीहि तशीच जांभळी. राज्याभिषेकसमयीं तिच्यावर हात ठेवून सम्राट् शपथ घेत. जांभळा हा रोमन सम्राटांचा रंग. तेव्हां धर्मवचनास राजवस्त्र चढविण्याचाच हा प्रकार होय. अलीकडील रासायनिक तपासणींत मात्र अशा कांहीं पोथ्यांचा रंग मौल्यवान् समुद्री गोगलगायीचा नसून आपल्या मसाल्यांतील दगडफुलाच्या वर्गांतील शैवाकाचा असल्याचें आढळलें! या हौसेवर टीका करणारा पुरुषहि सामान्य नव्हता. बायबलाचा लॅटिन भाषांतरकार जेरोम यानें इ. स. ३८४ मध्येंच एका पत्रांत विचारलें होतें कीं, चर्मपत्रास रंग आणि अक्षरांस सोनें देणाऱ्यांना दाराशीं उघडा पडलेला ख्रिस्त कां दिसत नाहीं?

हाच प्रश्न आमच्या बीड जिल्ह्यांत अगदीं उलट बाजूनें उभा राहतो. अंबाजोगाईस दासोपंतांची (१५५१–१६१५) पासोडी जतन केलेली आहे. सुमारें ४० फूट लांब व ४ फूट रुंद अशा जाड्याभरड्या कापडावर दासोपंतांनीं पंचीकरण या विषयावर सुमारें १६०० ओव्या लिहिल्या. पासोडी म्हणजे थंडींत गरिबानें पांघरावयाचें वस्त्र. तेथें सोनें नाहीं, रुपें नाहीं. आहे ती शाई, आणि तीहि दासोपंतांस रोज एक ढब्बू पैशाची लागे, असें परंपरा सांगते.

हें कापड केवळ लहर नव्हे, असें आम्हांस वाटतें. पंचीकरणाचा सिद्धान्त असा कीं, प्रत्येक स्थूल महाभूतांत अर्धा भाग स्वतःचा आणि उरलेल्या चार भूतांचा प्रत्येकीं अष्टमांश असतो. असा गुंतलेला हिशेब पोथीच्या सुट्या पानांत तुटतो. पसरलेल्या कापडावर तो एका दृष्टींत सामावतो. शिवाय पट आणि तंतु हा वेदान्त्यांचा आवडता दृष्टान्त येथें हातांखालींच आहे. विषय गणनेचा, म्हणून रूक्ष. ज्ञानेश्वरींतील उपमांचें वैभव येथें शोधूं नये. परंतु सव्वा लक्ष ओव्यांचा ‘गीतार्णव’ ज्यानें रचिला, त्यानें येथें स्वतःस इतकें आवरावें, हेंच कौतुकास्पद आहे.

मात्र राजाच्या जांभळ्या पोथीची जी गति, तीच या गरिबाच्या पासोडीची होऊं पाहत आहे. आमच्या पाहण्यांतील बहुतेक लेख तिच्या लांबी-रुंदीशीं येऊन थांबतात. यात्रेकरू दर्शन घेतो आणि हात जोडून परततो. वस्त्र जपावें, तें अवश्य जपावें. पण दर्शन म्हणजे वाचन नव्हे. दासोपंतांनीं मराठींत लिहिलें तें समजावें म्हणून. ज्या घरांत ज्ञानेश्वरी वाचली जाते, त्या घरांत या सोळाशें ओव्यांपैकीं निदान शंभर तरी अर्थासह वाचल्या जाव्या. तसें न झाल्यास जेरोमचा प्रश्न आम्हांसहि लागू पडेल, आणि तेव्हां दाराशीं उघडे पडलेले असतील ते दासोपंतांचे शब्द.