आईच्या कविता आणि बापाचा पट्टा

मागल्या भीमजयंतीला आमच्या वस्तीतल्या समाजमंदिरात कवितावाचन होतं. मी रातपाळी करून तसाच गेलो, केसातला कापूस झटकायचंही सुचलं नाही. आईवरची कविता वाचली. टाळ्या पडल्या. दोन म्हाताऱ्यांनी डोळ्याला पदर लावला. मग बापावरची वाचली. तिच्यात पट्टा होता, दारू होती, बहिणीचं दप्तर होतं. एक टाळी नाही. खाली उतरलो तर चळवळीतल्या एका वडीलधाऱ्या माणसानं बाजूला घेतलं. म्हणाले, "पोरा, आपलीच लक्तरं वेशीला टांगू नयेत. तुझ्या बापानं जे केलं ते त्यानं केलेलं नाही, व्यवस्थेनं केलंय."

त्या वेळी उत्तर सुचलं नाही. पुढं चार रात्री सूतगिरणीत तुटलेले धागे सांधताना तेच डोक्यात घोळत होतं. व्यवस्थेनं केलं, कबूल. पण पट्टा बापाच्या हातात होता आणि पाठ माझी होती, त्याचं काय करायचं?

दोस्तहो, आपल्या कवितेकडं जरा बघा. वामन निंबाळकरांची 'आई' आहे, ज्योती लांजेवारांची 'आई' आहे, आणि त्यांच्या मागून आलेल्या आमच्यासारख्यांच्या वह्यांत तर आयाच आया. त्या कविता खऱ्या आहेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण बाप कुठं गेला? तो कवितेत सहसा येत नाही, आत्मकथनात येतो. तिथं आला की आपले समीक्षक त्याला दोनच जागा देतात. दारुडा असला की तो व्यवस्थेचा बळी, आणि शिकवणारा असला की देव. बळीलाही जाब विचारता येत नाही, देवालाही नाही. पोराच्या अंगात बापाचं काय उतरलं, हा प्रश्न दोन्हीकडं राहून जातो.

दया पवारांचं 'बलुतं' १९७८ साली आलं तेव्हा आपल्यातल्याच शिकलेल्या लोकांनी नाकं मुरडली होती. म्हणे ही घाण वर कशाला काढायची. मी ते पुस्तक तीनदा वाचलं, पहिल्यांदा मशीनमागं लपवून. दगडूचा बाप मुंबईच्या गोदीत कामाला, कावाखान्यात बिऱ्हाड, दारू, बायांचा नाद. मरतो तेव्हा दगडू पोरच आहे. समीक्षक इथवर येतात, हळहळतात आणि थांबतात. पुढं वाचायला पाहिजे. हाच दगडू शिकतो, नोकरी धरतो, लग्न करतो, आणि बायकोवर, सईवर, संशय घेऊन संसार मोडतो. दारूच्या गुत्त्यातून बाहेर पडलेलं पोरगं बाईकडं बघायची बापाची नजर घेऊनच बाहेर पडलं, असं मी ते वाचतो. दया पवारांनी हे लपवलं नाही, स्वतःला माफी दिली नाही. माझ्या लेखी 'बलुतं' थोर आहे ते या पानांमुळं. गरिबी तर सगळ्यांनीच लिहिली.

आता आमच्या घरचं सांगतो, कारण मी पुस्तक वाचतो ते घर डोक्यात ठेवूनच. आजा मुंबईच्या गिरणीत त्रासनखात्यात होता. धोट्यातला धागा तोंडानं ओढून घ्यावा लागायचा, म्हणून एके काळी विणाईखात्यात आपल्या माणसाला घेत नसत. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न धसाला लावला होता. आज्याची पिढी नंतरची, पण गोष्ट त्याला पाठ होती. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर. आजा एक ट्रंक घेऊन गावी आला तो परत गेला नाही. माझा बाप तेव्हा आठ वर्षांचा. बिनकामाच्या माणसाचा राग त्यानं अंगावर झेलला. मोठेपणी तो इचलकरंजीला यंत्रमागावर लागला. ज्या धाग्याला आपल्या माणसाचं तोंड चालत नव्हतं तोच धागा बारा बारा तास हाताळायला लागला, आणि घरी आला की पट्टा काढायला लागला. आज्याचा राग संपाचा होता हे मला कळतं. बापाचा राग आज्याचा होता हेही कळतं. मग माझा राग कुणाचा म्हणायचा? असं मागं मागं जात राहिलं तर माणूस म्हणून जबाबदार असा कुणी सापडतच नाही. वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात मला खटकलं ते हे. ज्यांनी आपल्याला माणूस म्हणून उभं केलं त्यांच्याच चळवळीत आपण बापाला माणूसपणातून सूट देतो.

बाबासाहेबांचा बाप घ्या. परळच्या चाळीतली ती एक खोली. रामजी सुभेदार पोराला लवकर निजवायचे, रात्री दोनला उठवून अभ्यासाला बसवायचे आणि मग आपण आडवे व्हायचे. पुस्तकाला पैसे नसले की लग्न झालेल्या लेकीकडं जायचे, तिचा दागिना गहाण टाकायचे आणि पेन्शन आली की सोडवून परत करायचे. जयंतीला हे आपण घसा ताणून सांगतो. एक गोष्ट मात्र कमी सांगतो. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत ती बाबासाहेबांनीच नोंदवली आहे. रामजी कबीरपंथी, पोरांकडून रामायण-महाभारत वाचून घ्यायचे. भीमानं विचारलं, हे आम्ही का वाचायचं? बापानं कारण दिलं. आपण अस्पृश्य, पोराला न्यूनगंड यायचा. द्रोण, कर्ण, वाल्मीकी हे लहान जागेवरून कुठं चढले ते कळावं. पोराला पटलं नाही. भीष्म, द्रोण, कृष्ण यातला कुणीच आपल्याला आवडत नाही, असं त्यानं बापाला तोंडावर सांगितलं. रामजी गप्प राहिले. पोराच्या आत बंड उठलंय हे त्यांनी ओळखलं.

त्या गप्प राहण्याचं मोल मला दोन वाजता उठवण्याहून जास्त वाटतं. कडक बाप लई असतात. पोराला 'का' विचारू देणारा, कारण सांगणारा, आणि कारण पटलं नाही तरी अंगावर न जाणारा बाप मी आमच्या वस्तीत बघितलेला नाही. बावीस प्रतिज्ञांची एक मुळी त्या खोलीत आहे, असं मला वाटतं. चुकत असेन तर सांगा.

नरेंद्र जाधवांचं 'आमचा बाप आन् आम्ही' १९९३ साली आलं. पांढरपेशांना ते फार आवडलं, कारण शेवट गोड आहे, पोरं मोठी झाली. त्यामुळं आपल्यातले काही जण त्याच्याकडं संशयानं बघतात. मीही बघायचो. पण त्या पुस्तकात एक गोष्ट आहे जी 'बलुतं'तही नाही. तिथं बाप स्वतः बोलतो. गोदीत राबलेल्या, शाळा न शिकलेल्या दामूनं म्हातारपणी आठवणी लिहून काढल्या आणि पोरानं त्या छापल्या. आपल्या कुणाच्या बापाला आपण असं कधी विचारलंय, की बाबा, तुझ्या आत काय चाललं होतं? मी विचारलेलं नाही.

आणि 'अक्करमाशी', १९८४. शरणकुमारांना जन्म देणारा पाटील नाव द्यायला तयार नाही, आणि शाळेत बापाचं नाव काय लावायचं म्हणून अडलेलं. ज्यानं भाकरी घातली तो आजीबरोबर राहणारा महमूद दस्तगीर, एस.टी. स्टँडवरचा हमाल. जातीचा नाही, धर्माचा नाही, रक्ताचा नाही, आणि तोच दादा. बाप ही गोष्ट रक्ताची नाही, रोज केलेल्या कामाची आहे, याला याहून मोठा पुरावा मराठीत मला दाखवा.

एक कोपरा राहिलाच. रामजींनी पुस्तकं घेतली ती भिवासाठी, दागिना गेला तो लेकीचा. त्या लेकींच्या शिक्षणाबद्दल आपण कधी भाषण ऐकलंय? काळ तसा होता, मान्य. पण माझ्या बहिणीचा काळ तर कालचा आहे. दहावी झाली तेव्हा बापानं तिचं दप्तर माळ्यावर टाकलं आणि स्थळ बघितलं. मी नववीतच शाळा सोडलेली. शिकायचं होतं ते तिला. मी काय केलं? काही नाही. जेवत होतो, जेवत राहिलो. 'आयदान' (२००३) वाचताना म्हणून मला घाम फुटला. उर्मिला पवारांचे वडील मास्तर, पोरांनी शिकावं म्हणून गाव सोडून रत्नागिरीला आलेले. त्या तिसरीत असताना ते गेले, पण जाताना बायकोला बजावून गेले की पोरांना शिकव. मग आईनं आयदानं विणून ते निभावलं. मेलेल्या बापाचा एक शब्द पोरीला लिहिती करतो, आणि जित्या बापाचा एक शब्द माझ्या बहिणीचं दप्तर माळ्यावर टाकतो. माझ्या कवितेत दप्तर आहे. जेवत राहिलेला भाऊ नाही. तो घालायला पाहिजे.

मला चार वर्षांची मुलगी आहे. परवा तिनं भाकरीचं ताट ढकललं. पाळीला उशीर झालेला, माझा हात वर गेला. ती पळाली नाही. "का?" म्हणाली. मला कारण देता आलं नाही. हात खाली घेतला, सायकल काढली.

बापावरची कविता मी मागं घेत नाही. येत्या जयंतीला भावासकट पुन्हा वाचणार आहे. बापाला सांगितलंय, पुढं येऊन बस आणि ऐक, मग तुला काय बोलायचं ते माईकवर बोल. तो तंबाखू मळत राहिला. येतो म्हणाला नाही. येत नाही असंही म्हणाला नाही.