‘गुणकारी’ या शब्दाची परीक्षा : वनस्पतिज अल्कलॉइडे आणि मराठी विज्ञानलेखन

वनस्पतींतील अल्कलॉइडांची कर्करोगाच्या पेशींवर घेतलेली चाचणी मराठीत सांगताना पुष्कळदा ‘गुणकारी’ हाच शब्द योजला जातो. ही योजना सवयीची असली तरी निरुपद्रवी नव्हे. आयुर्वेदात गुण हा द्रव्याचा धर्म होय. बोलभाषेत मात्र गुण येतो तो रोग्याला. शिरूर कासारला (जि. बीड) ‘औषधाचा गुण आला’ असे कोणी म्हटले, तर माणूस बरा झाला असाच त्याचा अर्थ होतो. काचेच्या बशीत वाढविलेल्या पेशींना गुण येत नाही. त्या मरतात, अथवा त्यांचे विभाजन थांबते. इतके तर मिठाच्या तीव्र द्रावणालाही साधते. हे किती अल्प मात्रेत घडते आणि त्याच मात्रेत निरोगी पेशी तगतात काय, हा चाचणीतील खरा प्रश्न. ‘गुणकारी’ या विशेषणात नेमका तोच बुडतो.

सह्याद्रीतील नरक्या या दुर्गंधी झाडाचे उदाहरण घ्यावे. (त्यालाच अमृता असेही म्हणतात; नामकरणाचा हा नमुना मौजेचा खरा.) कॅम्प्टोथेसिन हे अल्कलॉइड मन्रो वॉल आणि नंदुरबारला जन्मलेले मनसुख वाणी यांनी १९६६ मध्ये एका चिनी वृक्षापासून वेगळे केले, १९७२ मध्ये गोविंदाचारी व विश्वनाथन यांना ते नरक्यात आढळले. उंदरांच्या रक्तार्बुदावर त्याचा प्रभाव दिसला होता. परंतु माणसांवरील चाचण्यांत मूत्राशयाचा रक्तस्रावी दाह उद्भवला आणि त्या थांबवाव्या लागल्या. पेशीतील कोणत्या विकरावर ते क्रिया करते हे १९८५ मध्ये उमगले, आणि त्यापासून सिद्ध केलेल्या टोपोटेकॅन व इरिनोटेकॅन या औषधांना अमेरिकेत मान्यता मिळाली ती १९९६ मध्ये. मधली ही तीस वर्षे ‘गुणकारी’ म्हणताच नाहीशी होतात. दरम्यान नरक्याची बेसुमार तोड झाली, ती वेगळीच.

सदाफुलीची कथा याहून बोधक आहे. मधुमेहावरील तिची ख्याती तपासताना कॅनडात नोबल व बिअर यांना उंदरांची रक्तशर्करा उतरलेली दिसली नाही. पांढऱ्या पेशी मात्र घटल्या. १९५८ मध्ये व्हिन्ब्लास्टिन हाती आले ते त्यातूनच. लोकांनी सांगितलेला गुण चाचणीत उतरला नाही, न सांगितलेली क्रिया सापडली.

सदाफुली शिरूर कासारच्या अंगणातही फुलते. ‘कर्करोगावर गुणकारी’ असे छापलेले वाचून कोणी तिची पाने वाटून घेऊ लागला आणि रुग्णालयात जाणे लांबले, तर दोष केवळ वाचकाचा मानता येणार नाही. एक ग्रॅम व्हिन्ब्लास्टिनसाठी शेकडो किलो वाळलेली पाने लागतात, आणि ते शिरेतून, मोजून, रक्तातील पेशींवर लक्ष ठेवून द्यावे लागते.

‘अमुक पेशींवर, अमुक मात्रेत, विभाजनरोधक’ असे लिहिल्यास वाक्य लांबते, रुक्षही होते. वृत्तपत्राच्या मथळ्यात ते मावणार नाही. प्रबंधाच्या मराठी सारांशात मात्र ते न लिहिण्यास कोणतेही कारण दिसत नाही.